रो-हाऊस घेताय? आधी एवढे पाहा

बुलढाणा, खामगाव, मलकापूर या शहरांच्या कडेला शेतजमिनींवर ले-आउट पडतात आणि भिंतीला भिंत लावून घरांच्या ओळी उभ्या राहतात. इसार देण्याआधी तपासून घ्या :

● जमीन : बिनशेती (एनए) आदेश, मंजूर ले-आउटचा नकाशा आणि ताजा सातबारा स्वतः वाचा.

● मोकळी जागा : ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. मुलांचे खेळणे आणि ज्येष्ठांची बैठक याच जागेवर अवलंबून असते. तिच्यावर अतिक्रमण होऊ देऊ नका.

● महारेरा : प्रकल्पाची जमीन ५०० चौ. मी.पेक्षा जास्त आणि घरे ८ पेक्षा अधिक असतील, तर विक्रीपूर्वी नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर पडताळता येतो.

● पाणी : बुलढाणा शहराची भिस्त पैनगंगेवरील येळगाव धरणावर आहे. नळजोडणी मंजूर आहे का, विचारा. जमिनीखालची टाकी आणि छतावरच्या पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण उन्हाळ्यात आधार देते.

● सामाईक भिंत : तोडफोड, खिडकी किंवा वरचा मजला करण्यापूर्वी शेजाऱ्यांशी बोला आणि नगर परिषदेची परवानगी घ्या. एका घरातली ओल दुसऱ्या घरात उतरते, म्हणून दुरुस्ती दोघांनी मिळून केलेली बरी.