सॉफ्टवेअर कंपनींतील नोकरी

नळदुर्ग हें गांव पुण्याहून सोलापुरावरून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेलें आहे. या रस्त्यानें येणारा पाहुणा किल्ला व बोरी नदीच्या बंधाऱ्यांतील पाणीमहाल पाहण्यास येथें उतरतो. आणि याच रस्त्यानें आमच्या शाळेंतून शिकून गेलेलीं मुलें पश्चिमेस हिंजवडीला किंवा पूर्वेस हैदराबादेला जातात. काय काम करतोस, असें विचारलें तर "सॉफ्टवेअर कंपनींत आहें" एवढेंच उत्तर मिळतें. शहरांतील सुशिक्षित घरांतूनही याहून फारसें अधिक ठाऊक असतें असें मला वाटत नाहीं. म्हणून जुन्या विद्यार्थ्यांकडून वेळोवेळीं जें ऐकलें, त्याच्या आधारें या नोकरीचें स्वरूप आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

या धंद्यांत विकलें काय जातें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १९८१ सालीं श्री. नारायण मूर्ति व त्यांचे सहा सहकारी यांनीं पुण्यांत दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस ही कंपनी काढली. त्या काळीं संगणक परदेशांतून आणणें अतिशय कठीण होतें. त्यामुळें माणसेंच अमेरिकेंत गिऱ्हाइकाच्या कचेरींत धाडून काम पुरें करून द्यावें लागे. १९९१ नंतर निर्बंध सैल झाले, तारायंत्रणा सुधारली आणि तेंच काम येथें बसून होऊं लागलें. परंतु मोजण्याचें माप पुष्कळ ठिकाणीं तेंच राहिलें. गिऱ्हाईक पैसे देतें तें माणसाच्या तासाचे. स्वतःचा तयार माल विकणाऱ्या किंवा ठरीव रकमेचा मक्ता घेणाऱ्या कंपन्याही आहेत. पण आपल्याकडील मोठ्या कंपन्या वाढल्या त्या मुख्यतः या तासांच्या विक्रीवर. नोकरांना येणारे बहुतेक विलक्षण अनुभव या एका गोष्टींतून निघतात.

त्यांतला पहिला म्हणजे बेंच. शाळेंत बाकावर उभें करणें ही शिक्षा असते. येथें बाकावर बसविणें ही शिक्षा होते. एक काम संपलें आणि दुसरें मिळालें नाहीं, म्हणजे तो मनुष्य "बेंचवर" गेला. पगार चालू असतो, कचेरींतील चहा-कॉफी चालू असते, काम मात्र नसतें. बाहेरच्यास हें सुख वाटेल. माझ्या एका विद्यार्थ्यानें असे चार महिने काढले. तो म्हणाला, "सर, रोज नटूनथटून जाऊन भीत बसायचं, एवढंच काम होतं." ज्याचे तास विकले जात नाहींत त्याचा पगार कंपनीच्या अंगावर पडतो, आणि कपातीची वेळ आली कीं नजर प्रथम त्या बाकाकडे वळते.

दुसरा अनुभव घड्याळाचा. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हां आपल्याकडे उन्हाळ्यांत सायंकाळचे साडेसहा व हिंवाळ्यांत साडेसात झालेले असतात. गिऱ्हाइकाची सकाळ ती नोकराची रात्र. २०२० सालीं टाळेबंदींत पुष्कळ मुलें गांवीं परतलीं व माळवदाच्या घरांत बसून काम करूं लागलीं. रात्रीं दोनपर्यंत जागून सकाळीं दहाला उठणाऱ्या मुलाविषयीं शेजारीं "पोराची नोकरी गेली वाटतं" अशी कुजबुज होई. आणि ऐन बोलणीं चालू असतां वीज गेली कीं तो पोरगा मोबाइल घेऊन गच्चीवर धांवे.

आतां गुणांविषयीं. चाळीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास येथें जरा रेंगाळूं द्यावें. वर्षअखेर प्रत्येकाच्या कामास श्रेणी मिळते व तीवरून पगारवाढ ठरते. यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु पुष्कळ कंपन्यांनीं एक घंटेच्या आकाराची रेघ प्रमाण मानली: गटांतील थोडे उत्तम, बहुतेक मध्यम आणि थोडे खालचे असलेच पाहिजेत. दहांच्या दहा जणांनीं काम चोख केलें, तरी एखाद्यास तळाशीं बसवावेंच लागतें! वर्गांतील सर्व मुलें उत्तीर्ण होण्याजोगीं असतां दोघांना नापास करा, असा हुकूम मला कोणी केला असता तर मीं तो पाळला नसता. या पद्धतीनें शेजारच्यास मदत करणें हेंच तोट्याचें ठरतें. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीनें २०१३ सालीं ही सक्तीची प्रतवारी सोडून दिली. आपल्याकडेही कांहींनीं सोडली, कांहीं ठिकाणीं ती नांव बदलून नांदते आहे.

पगाराचा आंकडा ऐकून भुलूं नये. वर्षाची जी रक्कम सांगतात तींत कंपनीनें भरावयाचा भविष्यनिर्वाह निधि, ग्रॅच्युइटी व कामगिरीवर अवलंबून असलेला भागही धरलेला असतो. हातीं पडतें तें बरेंच कमी. नवशिक्याचा पगार मोठ्या कंपन्यांत वर्षास तीन-चार लाखांच्या आसपास गेलीं कित्येक वर्षें घोटाळतो आहे. पुण्यांतील घरभाडें मात्र कोठें थांबलें नाहीं.

इतकें असूनही हीं मुलें परत फिरत नाहींत, आणि त्याचें कारण केवळ पैसा नव्हे. परीक्षा देऊन, कोणाचा वशिला न लावतां कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी त्या कांचेच्या इमारतींत शिरली. तेथें ती वरिष्ठाला एकेरी नांवानें हांक मारते. पहिले सहा महिने तिच्या तोंडून "सर" सुटेना, असें तिनेंच सांगितलें.

२०२५ च्या जुलैंत टाटा कन्सल्टन्सीनें सुमारें बारा हजार, म्हणजे शेंकडा दोन, माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. त्यांत मधल्या व वरच्या पायरीवरचे लोक विशेष होते. तेव्हांपासून चाळिशींतल्या विद्यार्थ्यांचे दूरध्वनि मला अधिक येऊं लागले आहेत. त्यांना मीं एकच व्यवहाराची गोष्ट विचारतों: राजीनामा दिल्यानंतर पुष्कळ ठिकाणीं तीन महिने काम करावें लागतें व शेवटीं सुटकेचें पत्र मिळतें, पुढील कंपनी बहुधा तेंच प्रथम मागते. रागाच्या भरांत उठून आलेल्या एकास तें पत्र मिळविण्यास पुढें पांच महिने हेलपाटे घालावे लागले.