पाठीशी कोण उभं होतं?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातला लक्ष्मी विलास पॅलेस राजर्षी शाहू महाराजांचं जन्मस्थळ म्हणून सर्वांना ठाऊक आहे. २६ जून १८७४ रोजी इथं कागलकर घाटगे घराण्यात यशवंतरावांचा, म्हणजेच पुढच्या शाहूंचा, जन्म झाला. दरवर्षी जयंतीला आरक्षणाचा जाहीरनामा, सक्तीचं शिक्षण, वसतिगृहं या साऱ्याची आठवण निघते. बालपण मात्र आपण दोन ओळींत उरकतो. यशवंतराव तीन वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. दहावं वर्ष पुरं होण्याआधी, १७ मार्च १८८४ रोजी, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. नाव बदललं, घर बदललं, आई बदलली. आणखी दोन वर्षांनी, २० मार्च १८८६ रोजी, जन्मदाते वडील जयसिंगराव आबासाहेबही गेले. बारावं सरायच्या आत या मुलानं इतकं सोसलं होतं.

त्याच गादीवर त्याच्या आधीही एक लहान मुलगा दत्तक आला होता. १८७० साली राजाराम महाराज परदेशातून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले आणि पुढच्या वर्षी आठ वर्षांच्या मुलाला गादीवर बसवण्यात आलं. हे चौथे शिवाजी. कारभार इंग्रज अधिकारी आणि दिवाणांच्या हाती. वयात येता येता महाराजांना वेडं ठरवलं गेलं आणि त्यांच्यावर गोऱ्या शिपायांचा पहारा बसला. त्यांच्या छळाच्या बातम्यांवरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं रान उठवलं. त्यातूनच दिवाण बर्वे यांच्या बदनामीचा खटला उभा राहिला आणि टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, चौथे शिवाजी गेले. वय अवघं वीस.

दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं मानसिक निदान आज करता येत नाही, करूही नये. पण ही दोन बालपणं शेजारी ठेवली की एक प्रश्न टाळता येत नाही. आपल्या माणसांपासून तुटणं दोघांच्याही वाट्याला आलं. एकाभोवती पहारेकरी होते. दुसऱ्याला दत्तक आई आनंदीबाई होत्या, राजकोटच्या राजकुमार कॉलेजात धाकटे बंधू बापूसाहेबांची सोबत होती, पुढे धारवाडला फ्रेझरसारखा जीव लावून शिकवणारा गुरू होता. बालपणीच्या आघातांवर गेल्या चाळीस वर्षांत जगभर जो अभ्यास झाला, तो याच प्रश्नापाशी येऊन थांबतो: घाव बसला तेव्हा आणि त्यानंतर, पाठीशी कोण उभं होतं?

१९८०च्या दशकात अमेरिकेत सॅन दिएगो इथं डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करणारं केंद्र चालवत होते. ज्यांचं वजन झपाट्यानं उतरत होतं, तीच माणसं उपचार अर्धवट सोडून जात. असं का, म्हणून त्यांनी बारकाईनं विचारपूस केली, तेव्हा अनेकांच्या लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं. मग डॉ. रॉबर्ट आन्डा यांच्यासोबत त्यांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास केला. १९९८ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष छापून आले. लहानपणी मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, हेळसांड झाली का? घरात दारू होती का? आईला मारलेलं पाहिलं का? घरात कुणाला मानसिक आजार किंवा तुरुंगवास होता का? असे ते प्रश्न होते. उत्तरं देणारी माणसं बहुतांशी शिकलेली, मध्यमवर्गीय होती. तरीही जवळपास दोनतृतीयांश लोकांनी निदान एका प्रश्नाला ‘हो’ म्हटलं. ज्यांची चार किंवा जास्त उत्तरं ‘हो’ होती, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका एकही ‘हो’ नसलेल्यांपेक्षा चार ते बारा पट होता. हृदयविकार आणि फुप्फुसांचे आजारसुद्धा त्यांच्यात अधिक आढळले.

हे तिकडचं, आपल्याकडं कुटुंबं घट्ट असतात, असं म्हणायला जागा नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर तीनपैकी दोन मुलांना मारहाण झालेली होती. निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसला होता. छळणारी माणसं पुष्कळदा ओळखीची, विश्वासातली होती. ‘आपलेच दात आणि आपलेच ओठ’ म्हणत घरं गप्प बसली आणि मुलांच्या वाट्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार आला. पुढं २०१२ साली मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आला. त्यामुळं आजच्या मुलांना दाद मागता येते. पण त्याआधी जी मुलं गप्प राहून मोठी झाली, ती आज तीस, चाळीस, साठ वर्षांची आहेत.

त्यांच्या आत काय होतं? धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग शरीराला सावध करतो. अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही रसायनं रक्तात उतरतात, छाती धडधडते, स्नायू ताठतात. धोका टळला की सगळं शांत व्हायला हवं. पण धोका रोज संध्याकाळी दारू पिऊन घरातच येत असेल, तर शांत व्हायचं केव्हा? वाढत्या वयातला मेंदू मग कायम सावध राहायलाच शिकतो. विचार करणारा, आवर घालणारा भाग मागं पडतो.

त्याचे परिणाम मोठेपणी घरातच दिसतात. चाळिशीचा, एरवी शांत माणूस रात्री जेवायला बसलेला असतो. मुलाच्या हातून आमटीची वाटी लवंडते. बापाचा हात मुलावर उठतो, आवाज चढतो. पोरगं पाटावर आक्रसून बसतं. त्याचा चेहरा पाहून बापाला एकदम आपला बाप आठवतो, आणि त्याच्या पोटात गोळा येतो. सांडलेल्या आमटीसाठी एवढा राग कुठून आला, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. कारण विचार करायच्या आधी शरीर बोललेलं असतं.

सगळ्यांचं दुखणं रागातूनच बाहेर येतं असं नाही. एखाद्या बाईला ‘नाही’ म्हणताच येत नाही, सगळ्यांची मर्जी राखता राखता ती थकून जाते. कुणी कामात इतकं बुडून घेतं की घरी परतायची वेळच येऊ नये. कुणाला प्रेमाचं माणूस जवळ आलं की धास्ती वाटते, कुणाला ते जरा लांब गेलं की जीव घाबरा होतो. झोप उडणं, सतत डोकं किंवा पोट दुखणं आणि तपासण्यांत काहीच न निघणं, दारू-तंबाखूचा आधार घेणं, ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ असं आतून वाटत राहणं. यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे आघात झालाच, असा अर्थ काढू नये. पण अशा खुणांमागं जुनी जखम असू शकते, हे ध्यानात असावं.

आता आशेची बाजू. हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वेर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, व्यसनं, आजार अशा कठीण परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं चांगली, मायाळू, धडधाकट माणसं झाली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार आढळली: आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, असं किमान एक तरी भरवशाचं माणूस त्यांना लाभलं होतं. आणि किशोरवयात घसरलेल्या मुलांपैकीही बरीचजणं तिशी-चाळिशीत सावरली. चांगला जोडीदार, शिक्षणाची दुसरी संधी, एखादा समूह किंवा श्रद्धा त्यांच्या उपयोगी पडली. म्हणजे ते भरवशाचं माणूस उशिरा मिळालं तरी चालतं.

शाहू महाराजांनी स्वतः असं माणूस होऊन दाखवलं. १९१८ साली त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी शिकारीच्या वेळी अपघातात गेले. मागं राहिली अकरा-बारा वर्षांची विधवा सून, इंदुमतीदेवी. त्या काळात तिच्या वाट्याला अंधारी खोली यायची. महाराजांनी स्वतःचं पुत्रदुःख पोटात ठेवून तिला कोल्हापूरजवळच्या सोनतळीला नेलं, सोबतीला मुली दिल्या, शिक्षक नेमले आणि घरातल्यांचा विरोध असताना तिला शिकवलं. पुढं याच इंदुमती राणीसाहेबांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या. १९०१ पासून महाराजांनी एकामागून एक काढलेली बोर्डिंगं, १९१९ चा स्त्रियांना क्रूर वागणूक देणाऱ्यांविरुद्धचा कायदा, या सगळ्यामागं त्यांचं स्वतःचं बालपण होतं का, हे ठामपणं सांगता येणार नाही. घरापासून तुटलेल्या मुलाला पाठीशी माणूस लागतं, हे मात्र त्यांनी ओळखलं होतं.

मोठेपणी बरं व्हायचं तर सुरुवात कुठून करावी? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये तीन टप्पे सांगितले, ते आजही वापरले जातात. पहिला टप्पा सुरक्षिततेचा. छळणारी व्यक्ती अजून घरात असेल, मारहाण सुरू असेल, दारू सुटलेली नसेल, तर जुन्या आठवणी उकरण्याआधी ते थांबवावं लागतं. वेळेवर झोप, रोज चालणं, संथ श्वास या गोष्टी साध्या वाटतात, पण सतत सावध राहिलेल्या शरीराला त्याच पहिल्यांदा निवांतपणा शिकवतात.

दुसरा टप्पा आठवण्याचा आणि शोक करण्याचा. हे जाणत्या समुपदेशकासोबत, आपल्या गतीनं करावं. आघातासाठी खास बेतलेली वर्तनोपचार पद्धती आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर पद्धती यांची जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१३ मध्ये शिफारस केली आहे. नैराश्य, निद्रानाश असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधं देतात. ती घेण्यात कमीपणा नाही. लिहिण्याचाही उपयोग होतो. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहिलं. लगेच त्यांना अधिक वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचं डॉक्टरांकडं जाणं कमी झालं. मराठीत ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘कोल्हाट्याचं पोर’ यांसारख्या आत्मकथनांनी कोवळ्या वयातले घाव चारचौघांत मांडायचं बळ दाखवलं आहे. मात्र लिहिताना जीव फारच कासावीस होऊ लागला, तर थांबावं आणि मदत घ्यावी.

तिसरा टप्पा माणसांत परतण्याचा. ज्यानं छळलं त्याला माफ केलंच पाहिजे, अशी सक्ती कुणी करू नये. माफी हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. आपल्या हातात पुढची पिढी आहे. मुलावर हात उचलला गेला, तर नंतर त्याच्यासमोर बसून ‘माझं चुकलं, तुझी चूक नव्हती’ एवढं म्हणणं हासुद्धा उपचारच आहे. त्या बापाला हे वाक्य लहानपणी कुणी म्हटलेलं नसतं.

घाव फक्त घरातच बसतात असं नाही. बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पाणीपातळी मोजतात. इशाऱ्याची पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तेव्हा अंधारात घर सोडून निघालेली शाळकरी मुलं आज तरुण होत आहेत. पावसाचा जोर वाढला की त्यांच्यापैकी कुणाच्या छातीत धडकी भरत असेल, तर ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून गप्प बसवू नका. ऐकून घ्या.

आणि वाचताना तुम्हाला स्वतःचंच काही आठवलं असेल, तर एका भरवशाच्या माणसाला सांगा. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीत बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहे. मानसिक उपचार मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला हक्क आहे. तुमच्या वाट्याला जे आलं त्यात तुमचा दोष नव्हता. आज बरं व्हायची वाट मात्र तुम्ही धरू शकता, आणि त्या वाटेवर कुणाच्या तरी पाठीशी उभंही राहू शकता.