माशीची साक्ष

प्रेताजवळ सर्वांच्या आधीं बहुधा कोण पोंचतें? पोलीस नव्हे, वैद्यहि नव्हे. हिरव्यानिळ्या चकचकीत अंगाची माशी. उघड्यावरील प्रेतावर ती कांहीं तासांतच अंडीं घालूं शकते. अंड्यांतून अळी, अळीचा कोश, कोशांतून माशी, हा क्रम ठरलेला. तो उबेंत लवकर उरकतो, थंडींत रेंगाळतो. म्हणून अळीचें वय कळलें, कीं मृत्यूला निदान किती दिवस लोटले तें सांगतां येतें.

१९३५ सालीं स्कॉटलंडांत मॉफट गांवाजवळच्या ओढ्यांत दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सांपडले. त्यांवरील अळ्यांची जात ओळखून ग्लासगोच्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनीं त्यांचें वय १२ ते १४ दिवस ठरविलें. रक्स्टन नांवाच्या डॉक्टराची पत्नी व मुलांची दाई बेपत्ता झाल्याच्या तारखेशीं तें जुळलें. हा डॉक्टर मूळचा मुंबईचा पारशी. त्याला १९३६ सालीं फांशी झाली. अर्थात् एकट्या अळ्यांवर तो निकाल लागला नव्हता, आणि तेंच योग्य.

खरी अडचण जात ओळखण्याची. निरनिराळ्या जातींच्या अळ्या दिसावयास जुळ्या बहिणी, वाढीची गति मात्र वेगळी. जात चुकली कीं दिवस चुकले. आणि दिवस चुकले कीं निरपराध्याच्या गळ्याशीं दोर आलाच. पूर्वीं खात्रीचा उपाय म्हणजे अळ्या पाळून माशी बाहेर पडेपर्यंत वाट पाहणें. त्या मध्येंच मेल्या तर हात चोळीत बसावें!

१९९४ सालीं स्पर्लिंग, अँडरसन व हिकी या संशोधकांनीं डीएनएवरून अशा माश्यांची जात ओळखून दाखविली. डीएनए ही पेशींत लिहिलेली चार अक्षरांची पोथीच. त्यांनीं पेशींतील ऊर्जा पुरविणाऱ्या कणिकांचा डीएनए घेतला. एकेका पेशींत त्याच्या पुष्कळ प्रती असतात, म्हणून तो अल्पशा अवशेषांतूनहि मिळण्याचा संभव अधिक. २००३ पासून त्यांतील सुमारें ६५० अक्षरांचा एक उतारा प्राणिमात्रांची ओळखखूण म्हणून वापरला जाऊं लागला. एखादें अंडें, मेलेली अळी, कधीं कधीं रिकामा कोशहि पुरतो; वाचलेली अक्षरें ज्ञात माश्यांच्या अक्षरांशीं ताडून पाहावयाचीं.

तथापि ही साक्षहि उलटतपासणीवांचून घेऊं नये. लुसिलिया सेरिकाटा व लुसिलिया क्युप्रिना या दोन हिरव्या माश्यांचा कांहीं ठिकाणीं संकर होतो. कणिकांतला डीएनए आईकडूनच येतो. त्यामुळें संकरित अळी आईच्याच नांवावर लागते, बापाचा पत्ता नाहीं. शिवाय या उताऱ्यावरून जात कळते, वय नव्हे. त्यासाठीं अळीची लांबी मोजावीच लागते, आणि प्रेत पडलें होतें तेथें त्या दिवसांत ऊन किती, गारठा किती, याची नोंद शोधावी लागते.