ग्राफिक्स कार्ड नवे, संगणक मात्र बंद!

हजारो रुपये मोजून आणलेले ग्राफिक्स कार्ड मोठ्या हौसेने संगणकात बसवावे, आवडता गेम सुरू करावा आणि दहाच मिनिटांत पडदा काळा व्हावा, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. अशा वेळी सारा राग कार्डवर निघतो आणि ते दुकानदाराकडे परत जाते. प्रत्यक्षात कार्ड निर्दोष असून दोष अन्यत्रच असण्याची शक्यता मोठी असते. तो शोधण्यासाठी तंत्रज्ञच असायला हवे, असे नाही. संगणक नेमका कधी आणि कसा बंद पडतो, याचे बारकाईने निरीक्षण केले, तरी निम्मे काम होते.

आधी विजेकडे पाहा

गेम सुरू होताच संगणक क्षणार्धात बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर संशयाची सुई प्रथम एसएमपीएसकडे वळते. मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. त्याहून अधिक गरज एसएमपीएसच्या स्वतंत्र वायर भागवतात. सहा पिनांच्या जोडणीतून ७५, तर आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट मिळू शकतात. शिवाय कार्डची मागणी काही क्षणांपुरती एकदम वाढते. हा झटका न पेलल्यास एसएमपीएस सुरक्षिततेसाठी स्वतःच बंद होतो. याच कारणास्तव इंटेलने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या 'एटीएक्स ३.०' या मानकात असे झटके सोसण्याची अट घातली. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवरील वॉटच्या आकड्यावर विसंबून राहणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

यूपीएसचाही विचार करायला हवा. घरोघरी आढळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारणतः ३६० वॉटच भार पेलतो. नव्या कार्डमुळे ही मर्यादा ओलांडली गेली, तर दोष कार्डचा नसतो.

जोडणीही तपासावी. संगणक बंद करून, मुख्य वीजपुरवठा काढून कार्ड पुन्हा घट्ट बसवावे. दुसऱ्या एसएमपीएसच्या वायर मात्र कदापि वापरू नयेत. टोके सारखी दिसली, तरी आतील रचना वेगळी असू शकते आणि कार्ड जळू शकते. २०२२ मध्ये आलेल्या 'आरटीएक्स ४०९०' या कार्डचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी गाजल्या. तेव्हा कनेक्टर पूर्ण आत न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे 'एनव्हिडिया' कंपनीने सांगितले होते.

ड्रायव्हरचा घोळ

पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा येत असेल किंवा 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असा संदेश झळकत असेल, तर ड्रायव्हरची शंका घ्यावी. कार्डने साधारण दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. तो प्रयत्न फसला, की हा संदेश येतो. जुन्या कार्डचा ड्रायव्हर शिल्लक राहिल्यानेही असे घडते. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर काढून टाकावा आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा. सप्टेंबर २०२० मध्ये 'आरटीएक्स ३०८०' बाजारात येताच गेम बंद पडण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. प्रथम कार्डवरील कपॅसिटरकडे बोट दाखविले गेले. पण त्याच महिन्यात आलेल्या नव्या ड्रायव्हरने तक्रारी बऱ्याच अंशी कमी झाल्या.

'इव्हेंट व्ह्यूअर'मधील 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीने मात्र गोंधळून जाऊ नये. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही.

उष्णता आणि शेवटची परीक्षा

पंधरा-वीस मिनिटे सुरळीत चालून मग संगणक गोठत असेल, तर तापमान पाहावे. कॅबिनेटचे झाकण उघडे ठेवल्यावर त्रास थांबला, तर हवा खेळती नाही, हे उघड आहे.

एवढे करूनही निदान झाले नाही, तर जुने कार्ड परत बसवून पाहावे आणि नवे कार्ड पुरेशा क्षमतेच्या दुसऱ्या संगणकात चालवून बघावे. तेथेही ते बंद पडले, तर दोष कार्डचाच, आणि दुकानदाराशी वाद घालण्याची वेळ येत नाही. बिल, खोके आणि कार्डवरील क्रमांकाचे स्टिकर त्यासाठी जपून ठेवावे.

हे सारे करताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले म्हणजे, महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधीच अन्यत्र काढून ठेवावी. वारंवार अचानक बंद पडणाऱ्या संगणकात कार्डपेक्षा मौल्यवान असलेली माहिती नष्ट होऊ शकते. दुसरे म्हणजे, एका वेळी एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर संगणक कदाचित सुरू होईल. पण बिघाड कशात होता, हे कळणार नाही आणि नव्या एसएमपीएसचा खर्च विनाकारण झाला की काय, ही रुखरुख मात्र कायम राहील.