निवेदिकेचा वेष आणि निवेदिकेचें ज्ञान

क्रिकेटच्या अथवा फुटबॉलच्या सामन्याचें धावतें वर्णन पुरुष करीत असला, म्हणजे त्याच्याविषयीं श्रोत्यांच्या मनांत साधारणतः दोनच प्रश्न उद्भवतात: याला खेळ कळतो काय, आणि याचें बोलणें ऐकावेंसें वाटतें काय? त्याचें पोट सुटलें आहे किंवा केस विरळ झाले आहेत, याची चौकशी कोणी करीत नाहीं. तेंच काम स्त्री करूं लागली कीं, ती दिसते कशी हा प्रश्न सर्वांच्या आधीं येऊन बसतो, आणि त्याच्या उत्तरावरून तिच्या ज्ञानाचा अंदाज बांधला जातो. गंमत अशी कीं, उत्तर कोणतेंही आलें तरी निकाल तिच्याविरुद्धच लागतो. सुंदर असली तर केवळ रूपावर घेतली गेली; नसली तर घेतलीच कशाला!

४ जानेवारी २०१६ रोजीं ऑस्ट्रेलियांतील होबार्टच्या मैदानावर या वृत्तीचें उघड दर्शन घडलें. बिग बॅश स्पर्धेंतील सामन्यांत वेस्ट इंडीजचा प्रख्यात फलंदाज ख्रिस गेल पंधरा चेंडूंत ४१ धावा काढून परतला होता. त्याची मुलाखत घेण्यास टेन वाहिनीच्या मेल मॅक्लॉफ्लिन या बाई सीमारेषेपाशीं उभ्या होत्या. प्रश्न त्याच्या खेळीविषयीं होता. उत्तर मात्र बाईंच्या डोळ्यांविषयीं आलें. सामन्यानंतर बरोबर पेयपानास जाण्याची इच्छाही त्यानें तेथल्या तेथेंच बोलून दाखविली, आणि लाजूं नको असें वर सुनावलें. समालोचकांच्या कक्षांतून हंसण्याचा आवाज आला. वाहिनीच्या क्रिकेट विभागानेंही समाजमाध्यमावर प्रथम कौतुकाचाच उद्गार काढला, व मग तो पुसून टाकला. पुढें वाहिनीच्या अधिकाऱ्यांनीं निषेध केला, गेलच्या संघानें त्यास दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला, आणि आपण केवळ थट्टा केली असें म्हणत त्यानेंही माफी मागितली.

येथें अशा मुलाखतीचें तंत्र ध्यानांत घ्यावयास हवें. ही मुलाखत आगाऊ मुद्रित केलेली नसते. बोललेला शब्द त्याच क्षणीं घरोघर पोंचतो. मुलाखत घेणारीच्या एका कानांत दिग्दर्शकाच्या सूचना चालू असतात. मागें खेळ सुरू असतो. पुढचा चेंडू केव्हां पडेल आणि बोलणें केव्हां आवरावें लागेल, याचा नेम नसतो. खेळाडूस पाठ फिरवून निघून जातां येतें. तिला येत नाहीं, कारण त्या घटकेला ती स्वतःसाठीं नव्हे, तर वाहिनीसाठीं उभी असते. ती रागावली तर लोक तिला उद्धट म्हणतात, हंसली तर तिलाही तें आवडलेंच असें समजतात. मॅक्लॉफ्लिनबाईंनीं खेळाविषयींचे प्रश्न पुढें चालविले, आणि त्यांच्या व्यावसायिक शिस्तीची सर्वत्र वाहवा झाली. वाहवा योग्यच होती. परंतु गेलही त्या मैदानावर सहलीस आला नव्हता. पैसे घेऊन, संघाचा पोशाख घालून, तोही आपल्या कामावरच उभा होता. शिस्तीचें सगळें ओझें दोघांपैकीं एकटीच्याच माथीं कां यावें, हा विचार त्या स्तुतींत कोठेंच नव्हता.

दोष नेहमीं खेळाडूचाच असतो असेंही नाहीं. पुष्कळदां ज्या संस्था स्त्रीला पडद्यावर आणतात, त्याच तिला पेंचांत टाकतात. २००३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हां सोनीच्या वाहिनीनें खेळापूर्वींच्या व मधल्या वेळांतील गप्पांसाठीं ‘शांति’ या मालिकेमुळें घरोघर माहीत झालेल्या मंदिरा बेदी यांना बसविलें. ज्यांना क्रिकेट फारसें कळत नाहीं अशा प्रेक्षकांनाही, विशेषतः घरांतील स्त्रियांना, खेळाकडे ओढावें हा त्यामागील हेतु; आणि हेतु म्हणून तो वाईट नव्हता. पण चर्चा झाली ती त्यांच्या चोळीच्या बारीक पट्ट्यांची. साधा प्रेक्षक विचारील तसे प्रश्न विचारणें हें बाईंकडे सोंपविलेलें काम, आणि प्रश्न साधे असतात हाच त्यांच्यावरील आक्षेप! आरंभीं शेजारीं बसलेले नामवंत खेळाडू आपल्या प्रश्नांकडे लक्षच देत नसत, असें त्यांनीं पुढें मुलाखतींतून सांगितलें आहे.

जेथें चेहरा दिसतच नाहीं तेथें, म्हणजे नभोवाणीवर किंवा पडद्यामागून होणाऱ्या वर्णनांत, ही पीडा टळत असेल असें कोणास वाटेल. पण तेथें रूपाची जागा आवाज घेतो. २१ एप्रिल २००७ रोजीं बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ या जुन्या कार्यक्रमांत जॅकी ओटली यांनीं फुलहॅम व ब्लॅकबर्न यांच्या सामन्याचें वर्णन केलें. त्या कार्यक्रमांतील त्या पहिल्या स्त्री-समालोचक. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघण्यापूर्वींच वर्तमानपत्रांतून वाद माजला होता, आणि डेव्ह बॅसेट या माजी फुटबॉल-व्यवस्थापकांनीं आपला विरोध जाहीर केला होता. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळीं इंग्लंडसाठीं १४० सामने खेळलेल्या अलेक्स स्कॉट बीबीसीवर निवेदन करीत होत्या. त्यांच्या उच्चारांत शब्दाच्या शेवटचा ‘ग’ गळतो, अशी तक्रार लॉर्ड डिग्बी जोन्स या माजी मंत्र्यांनीं केली. आपण कामगारवस्तींत वाढलों आणि आपल्या बोलीचा आपणांस अभिमान आहे, असें उत्तर स्कॉटबाईंनीं दिलें. खेळाविषयीं त्या काय बोलल्या, याबद्दल तक्रारींत चकार शब्द नव्हता.

आपल्याकडे या कामाचा आरंभ एका मोठ्या घरांतून झाला. कर्नल सी. के. नायडू यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनीं १९७७ सालीं इंदूर येथें मुंबई विरुद्ध एम.सी.सी. या सामन्याचें समालोचन केलें. त्या इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या, आणि क्रिकेटची चर्चा त्यांनीं लहानपणापासून घरींच ऐकली होती. तरीही पुढें कित्येक वर्षें त्यांच्यामागून येणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. २०१५ च्या आय.पी.एल. मध्यें अंजुम चोप्रा, ईशा गुहा, मेलनी जोन्स आणि लिसा स्थळेकर अशा चौघी समालोचक म्हणून आल्या. यांपैकीं स्थळेकर यांचा जन्म पुण्याचा. तेथील अनाथालयांतून त्या दत्तक गेल्या व ऑस्ट्रेलियाकडून विश्वचषक जिंकत्या झाल्या. या चौघीही आपापल्या देशाकडून खेळलेल्या आहेत, हें लक्षांत घ्यावें. हर्षा भोगले देशाकडून कधींच खेळले नाहींत, तरी त्यांचें समालोचन लोक आवडीनें ऐकतात. आणि तसें ऐकावेंही, कारण त्यांचा अभ्यास तेवढा आहे. मात्र केवळ अभ्यासाच्या बळावर हें आसन मिळालेली स्त्री शोधूं लागलें, तर बराच वेळ शोधावें लागतें.

निवेदकच जेथें टीकाकार होते, अशीही एक हकीकत इंग्लंडांत घडली. २२ जानेवारी २०११ रोजीं वुल्व्ज व लिव्हरपूल यांच्या सामन्यांत सियान मॅसी या सहायक पंच होत्या. स्काय वाहिनीचे अँडी ग्रे व रिचर्ड कीज हे प्रक्षेपणाबाहेर, पण ध्वनिवर्धकासमोर, बोलत असतां स्त्रियांना ऑफसाइडचा नियम समजावून द्यावा लागतो, अशा अर्थाची टवाळी करून बसले. त्याच सामन्यांत लिव्हरपूलच्या पहिल्या गोलाच्या वेळीं मॅसी यांनीं निशाण न उचलतां खेळ चालूं दिला; चित्रफीत पुन्हां पाहतां त्यांचा तो निर्णय अचूक ठरला. ग्रे यांना वाहिनीनें काढलें, कीज यांनीं राजीनामा दिला. आणि मॅसी यांची त्याच आठवड्यांत क्रू व ब्रॅडफर्ड यांच्या सामन्यासाठीं नेमणूक झालेली होती; बभ्रा फार झाला म्हणून तीही मागें घेण्यांत आली.