चेंडू खाली येईपर्यंत

रॅकेटबॉलच्या कोर्टात शिरून दार ओढून घेतलं की चारही भिंती आणि छतसुद्धा खेळात येतं. लांबी 40 फूट, रुंदी 20, उंचीही 20. जो सोबेक यांनी 1950 मध्ये अमेरिकेतल्या ग्रीनिचच्या वायएमसीएत हा खेळ बसवला, तो तिथल्या हँडबॉलच्या कोर्टांवरच. आमच्या इथल्या जिममध्ये कोर्टाची मागची भिंत काचेची आहे. तिच्यामागे बसून मी साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांना विशीतल्या पोरांशी खेळताना पाहत असते. ते पळतात निम्मं, आणि बहुतेक वेळा जिंकतात.

वेगाचा हिशेब मांडला तर हे अशक्य वाटावं. जोरकस ड्राइव्ह सर्व्हिस ताशी 200 किलोमीटरने सुटते, म्हणजे सेकंदाला 55 मीटर. समोरच्या भिंतीवर आपटून मागच्या खेळाडूपर्यंत यायला चेंडूला सोळाएक मीटर कापायचे असतात. भिंत आणि हवा थोडा वेग खातात, तरी हाती जेमतेम अर्धा सेकंद येतो. नुसता दिवा लागलेला पाहून बटण दाबायलाच माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. इथे बाजू ठरवायची, पाऊल टाकायचं, रॅकेट मागे न्यायची. चेंडू सुटल्यावर विचार करणाऱ्याला उशीर झालेलाच असतो.

म्हणून या गृहस्थांची नजर आधी खांद्यावर आणि कमरेवर असते. ताकद कमरेतून निघते, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. त्यामुळे रॅकेट फिरण्याआधीच शरीर बरंच काही सांगून गेलेलं असतं. ऑस्ट्रेलियन संशोधक ब्रूस ॲबरनेथी यांनी बॅडमिंटनच्या फिल्म फटक्याआधीच तोडून दाखवल्या, तेव्हा नवख्यांना फक्त रॅकेटवरून अंदाज येत होता. कसलेल्यांना त्याआधी हलणाऱ्या हातावरूनही येत होता. समोरचा फटका मारणार त्या क्षणी हे गृहस्थ जागच्या जागी इवलीशी उडी घेतात. पोटऱ्यांचे स्नायू ताणले जातात आणि पाय कुठल्याही बाजूला सुटायला तयार होतात. काचेतून पाहताना ही उडी सहज नजरेतून निसटते.

मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं थांबणं. चेंडू कमरेच्या उंचीवर आला की पोरं हाणतात. हे तो नडगीपर्यंत खाली येऊ देतात. कमरेवरून भिंतीच्या तळाशी मारायचं तर चेंडू तिरका उतरतो आणि जरा चुकला की आधी जमिनीला लागतो. नडगीच्या उंचीवरून तो जवळजवळ सपाट जातो, भिंतीच्या पायथ्याशी लागतो, आणि समोरचा पोहोचेपर्यंत दोन टप्पे घेऊन मोकळा होतो. हाच किल शॉट. पण तेवढं थांबायला धीर लागतो, आणि गुण गेले की आधी तोच सुटतो. एक पोरगा चुकला की स्वतःला ओरडून सांगतो, कोपर वर, मनगट सैल. अंगवळणी पडलेल्या हालचालीवर दडपणाखाली असा पहारा बसवला की ती बिघडते, हे मानसशास्त्रज्ञ शॅन बायलॉक यांच्या प्रयोगांतूनही दिसलं आहे. गृहस्थ दोन गुणांमध्ये तळहात चड्डीला पुसतात, श्वास सोडतात, गुण मोठ्यानं म्हणतात आणि मगच सर्व्हिस करतात.

समोरचा खेळाडू फटक्याच्या वाटेत आला तर हात रोखायचा आणि रॅली पुन्हा खेळायची, असा नियम आहे. एवढ्याशा खोलीत दोन माणसं रॅकेट फिरवत असताना तो हवाच. डोळ्यांवर संरक्षक चष्मा घातलेला असला तरी. अर्धा फिरलेला हात थांबवणं ही मेंदूची वेगळीच कसरत आहे, आणि तीही सरावानेच येते. त्या पोराला हल्ली ते एकट्यानं सराव करायला लावतात: चेंडू स्वतःच टाकायचा, एक टप्पा पडू द्यायचा, घोट्याशी आला की मारायचा. मधूनच ते मागून थांबायला सांगतात, आणि त्यानं हात तिथल्या तिथे रोखायचा.