चाळीस वर्षे बंद असलेले स्टेशन

नकाशावर स्टेशन दिसते, म्हणून ते जागेवर असेलच असे नाही. एवढ्याशा गोष्टीमुळे तीन भारतीय वैमानिकांची सुटका चार मैलांवर येऊन हुकली. त्यांचे म्होरके होते दिलीप कमलाकर परुळकर.

परुळकर मार्च १९६३ मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धात त्यांचा उजवा हात जखमी झाला. विमानातून उडी घेण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी ते तळावर सुखरूप आणले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

१९७१ मध्ये ते सुखोई-७ हे बॉम्बफेकी लढाऊ विमान चालवीत. त्यात माणूस एकटाच. मार्ग शोधणे, नेम धरणे, बॉम्ब टाकणे सारे त्यानेच करायचे. जमिनीवर मारा करायचा तर खाली उतरावे लागते आणि तोफांच्या टप्प्यात यावे लागते. १० डिसेंबरला त्यांचे विमान पाडले गेले व ते युद्धकैदी झाले.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये, १२-१३ तारखेच्या रात्री, रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून परुळकर, ग्रेवाल व हरीश सिंहजी निसटले. भारताच्या सरहद्दीवर फौजा समोरासमोर होत्या. म्हणून ते उलट दिशेने, पेशावरमार्गे अफगाणिस्तानकडे निघाले. खैबर खिंडीत लंडी कोतलला पोहोचल्यावर त्यांनी लंडी खानाची चौकशी केली. नकाशात ते सरहद्दीजवळचे शेवटचे स्टेशन होते. पण ते १९३२ सालीच बंद पडले होते! चाळीस वर्षांपूर्वीचे स्टेशन विचारणारे हे कोण? लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले.

१९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पळण्याचा प्रयत्न करणाऱ्या कैद्याला शिस्तभंगाचीच शिक्षा देता येते, तीही तीस दिवसांपर्यंत. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघामार्गे मायदेशी परतले. पुढे परुळकर ग्रुप कॅप्टन झाले, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांनी तरुण छात्र घडविले. विशिष्ट सेवा पदकाचाही मान त्यांना मिळाला. १० ऑगस्ट २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रमैत्रिणींनो, चामटोलीच्या आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच. "बी.ए. हो, नोकरी ठेवलेलीच आहे," असे घरची वडीलधारी माणसे मायेने सांगतात. त्यांचा नकाशा खोटा नाही, जुना आहे. त्यातले ते स्टेशन केव्हाच बंद झाले. मग रस्ता कोणाला विचारायचा? परुळकरांना विचारण्याची चोरी होती. आपल्याला ती नाही. प्राध्यापकांच्या खोलीचे दार उघडे आहे, ग्रंथालयही उघडे आहे. निघण्यापूर्वी विचारून घेऊ या!